हाड जुळावं म्हणून दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी आणि आईंचा बदललेला स्वभाव

प्रश्न थोडक्यात असा. आई ६३ वर्षांच्या. पायऱ्या उतरताना पडल्या, नडगीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून आत रॉड घातला. अडीच महिन्यांनी एक्स-रेमध्ये हाड जुळल्याचं नीट दिसेना, तेव्हा सर्जननी रोज रात्री सिमव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम सुरू केली. ‘गोळी कोलेस्टेरॉलची आहे, पण हाड भरायला मदत करते,’ असं सांगितलं. त्याला आता तीन आठवडे झालेत. जन्मात कुणाशी आवाज चढवून न बोललेल्या आई क्षुल्लक कारणावरून वडिलांच्या अंगावर धावून जातात, पहाटे तीनला उठून बसतात, नंतर स्वतःच रडतात. हे गोळीमुळे आहे का? गोळी बंद करू का?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. गोळीमुळे असू शकतं. पण गोळीमुळे नसण्याची शक्यता जास्त आहे. आणि तरीही, ही गोळी फक्त हाडासाठीच दिलेली असेल, तर ती चालू ठेवावी असं मला वाटत नाही. डॉक्टरांशी एकदा बोलून बंद करा. ही तीन वाक्यं एकमेकांशी भांडतायत असं वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी हाडांचा डॉक्टर, आणि ही गोळी मी स्वतः हाडासाठी दिलेली आहे. त्यामुळे तुमच्या सर्जनना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. हा विचार आला कुठून, ते आधी सांगतो. १९९९च्या डिसेंबरात ‘सायन्स’ या नियतकालिकात ग्रेगरी मंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. हाड तयार करायचा हुकूम देणारं बीएमपी-२ नावाचं एक प्रथिन शरीरात असतं. ते वाढवणारं एखादं रसायन सापडतं का, हे बघायला त्यांनी तीस हजारांहून जास्त नैसर्गिक पदार्थ चाळले. हाती लागलं ते लोव्हास्टॅटिन, म्हणजे १९८७पासून कोलेस्टेरॉलसाठी सर्रास दिलं जाणारं औषध. आईंची सिमव्हास्टॅटिन याच कुटुंबातली, आणि या सगळ्या औषधांना मिळून स्टॅटिन म्हणतात. उंदरांच्या कवटीच्या हाडावर ते टोचलं तर हाड जाड होत होतं. आम्हा लोकांना हे वाचून काय वाटलं असेल, कल्पना करा. स्वस्त, तोंडाने घ्यायची, वर्षानुवर्षं वापरातली गोळी, आणि तीच हाडही घडवते म्हणे! पुढच्याच वर्षी काही मोठ्या नोंदींमधून असंही दिसलं की स्टॅटिन घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांमध्ये खुब्याची फ्रॅक्चर कमी होतात. मग काय, माझ्यासारख्या बऱ्याच जणांनी ‘घ्या, नुकसान तर नाही’ म्हणत ती चिठ्ठीवर लिहायला सुरुवात केली.

जीवरसायनशास्त्राच्या बाजूनेही गोष्ट पटण्यासारखी होती. स्टॅटिन यकृतातलं एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) अडवतं. तिथून जी वाट पुढे जाते तिला मेव्हॅलोनेटची वाट म्हणतात. कोलेस्टेरॉल हा तिचा शेवटचा मुक्काम, पण मध्ये इतरही फाटे फुटतात. ऑस्टिओपोरोसिससाठी, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारासाठी, आपण अलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनेट देतो, ती औषधं याच वाटेवर थोडं खाली, दुसऱ्या नाक्यावर अडथळा टाकतात. तेव्हा वरच्या नाक्यावर अडवलं तरी हाडाला फायदा व्हावा, हा तर्क काही वेडगळ नव्हता.

घोडं अडलं ते यकृतात. तोंडाने घेतलेली सिमव्हास्टॅटिन आतड्यातून उचलली जाते आणि पहिल्याच फेरीत यकृत ती जवळजवळ सगळी ठेवून घेतं. कोलेस्टेरॉलसाठी ते छानच, कारण काम तिथेच करायचं असतं. पण पुढे रक्तात कामाच्या रूपात पोचतं ते पाच टक्क्यांहूनही कमी. त्यातलं तुमच्या आईंच्या नडगीपर्यंत काय जाणार? उंदराच्या कवटीवर थेट टोचणं वेगळं आणि रात्री पाण्याबरोबर गोळी घेणं वेगळं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका डबल-ब्लाइंड चाचणीत, म्हणजे कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही अशा चाचणीत, मनगटाचं हाड मोडलेल्या रुग्णांना सिमव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम किंवा तशीच दिसणारी रिकामी गोळी दिली. हाड जुळायला लागलेल्या वेळात फरक पडला नाही. फ्रॅक्चर टाळण्याच्या बाबतीत तर याहून मोठा पुरावा आहे. ज्युपिटर या चाचणीत १७,८०२ माणसं होती, निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन हे दुसरं स्टॅटिन. तिथली फ्रॅक्चर मोजून २०१५ साली आकडे छापले तेव्हा स्टॅटिनच्या गटात २२१ आणि रिकाम्या गोळीच्या गटात २१० निघाली. म्हणजे कमी होणं राहिलंच बाजूला. सुरुवातीच्या नोंदींत जो फायदा दिसला तो बहुधा माणसांमधल्या फरकाचा होता. नियमित गोळ्या घेणारी माणसं एरवीही तब्येतीची काळजी घेणारी असतात, वजनाने जरा भरलेली असतात, आणि अशांची हाडं तशीही कमी मोडतात.

फ्रॅक्चरच्या जागीच औषध सोडणारे लेप, जाळ्या, सूक्ष्म कण यांवर प्रयोगशाळांत काम चालू आहे आणि त्यातून काही निघूही शकेल. पण तो वेगळा विषय आहे. तोंडाने घ्यायच्या गोळीने मोडलेलं हाड लवकर जुळतं, असं आज मी रुग्णाला तोंडावर सांगू शकत नाही. हाडासाठी ही गोळी लिहून देणं मी म्हणूनच थांबवलं.

आता मनाकडे येऊ.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीरातलं साधारण वीस-पंचवीस टक्के कोलेस्टेरॉल तिथे असतं. मज्जातंतूंवरचं आवरण, पेशींमधल्या सांध्यांची रचना, सगळीकडे ते लागतं. त्यामुळे ‘कोलेस्टेरॉल उतरवलं तर डोकं बिघडेल का’ ही भीती फार जुनी आहे, स्टॅटिन घरोघरी पोचण्याच्याही आधीची. १९९० साली जुन्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा कोलेस्टेरॉल उतरवलेल्या लोकांत हृदयविकाराचे मृत्यू कमी झाले, पण अपघात, आत्महत्या आणि हिंसेने झालेले मृत्यू थोडे जास्त दिसले. त्यावरून मोठं वादळ उठलं. पुढे स्टॅटिनच्या हजारो माणसांवरच्या चाचण्या आल्या आणि त्यांत तसं काही दिसलं नाही. शिवाय मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो, रक्तातलं सहसा आत घेत नाही. रक्ताचा रिपोर्ट उतरला म्हणजे मेंदूतलंही उतरलं, असा सरळ हिशेब नसतो.

पण औषध स्वतः आत जाऊ शकतं का? इथे स्टॅटिनांमध्ये दोन जाती पडतात. सिमव्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ही चरबीत विरघळणारी. प्राव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन ही पाण्यात विरघळणारी. चरबीत विरघळणारं औषध मेंदूच्या पहाऱ्यातून जास्त सहज आत शिरतं. तुमच्या आईंना दिलेली गोळी पहिल्या जातीची आहे, म्हणून तुमचा प्रश्न मी ‘काहीतरीच काय’ म्हणून उडवून लावत नाही.

चिडचिडीचा थेट संबंध जोडणारी नोंद २००४ सालची आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या बिएट्रिस गोलोम्ब आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णांची हकिगत छापली. स्टॅटिन घेताना तीव्र संताप, गोळी थांबवल्यावर तो ओसरणं, असा तो प्रकार. सहा माणसं म्हणजे पुरावा नव्हे, इशारा. म्हणून त्याच गटाने रीतसर चाचणी घेतली. १,०१६ माणसं, सहा महिने. कुणाला सिमव्हास्टॅटिन २०, कुणाला प्राव्हास्टॅटिन ४०, कुणाला रिकामी गोळी. रागाचं मोजमापही त्यांनी शहाणपणाने केलं. ‘तुम्ही रागीट आहात का’ असं विचारून उपयोग नसतो, कुणीही नाहीच म्हणतो. त्यांनी गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष काय घडलं ते मोजलं: कुणावर ओरडलात का, काही आपटलंत का, स्वतःला काही केलंत का.

२०१५ साली आलेले निकाल मला आजही विचारात पाडतात. पुरुषांमध्ये स्टॅटिनवर आक्रमकपणा सरासरीने कमीच झाला, तरुणांमध्ये विशेष. सिमव्हास्टॅटिनवरच्या मोजक्या पुरुषांत मात्र उलट, एकदम मोठी उसळी. आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये तो वाढला. त्यातही ज्या मुळात शांत होत्या त्यांच्यात जास्त. सिमव्हास्टॅटिनवर ज्यांची झोप बिघडली त्यांचा आक्रमकपणा वाढलेला, आणि ज्यांचं टेस्टोस्टेरॉन उतरलं त्यांचा कमी झालेला, असंही त्यात दिसलं.

वय ६३, स्वभाव शांत, गोळी सिमव्हास्टॅटिन २०, झोप उडालेली. तुमच्या आईंचं वर्णन या चित्रात इतकं चपखल बसतं की कुणालाही वाटावं, सापडला चोर. मला तसं वाटत नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे हा एक अभ्यास आहे आणि त्यातला बदल सरासरीतला आहे. सरासरी थोडी हलली म्हणजे प्रत्येक बाई घरात आरडाओरडा करू लागली असं नाही. याउलट वीस-वीस हजार माणसांच्या चाचण्या आहेत, वृद्धांवरच्या स्वतंत्र चाचण्या आहेत, आणि त्यांत स्मृती-बुद्धीवर स्टॅटिनचा वाईट परिणाम दिसलेला नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २०१२ साली स्टॅटिनच्या माहितीपत्रकात विसरभोळेपणा आणि गोंधळल्यासारखं होणं यांची नोंद घातली ती रुग्णांच्या तक्रारींवरून. त्यांनीच हेही लिहिलं की हे सहसा गंभीर नसतं आणि औषध थांबवल्यावर जातं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, आणि ते मी एका वेगळ्याच चाचणीतून शिकलो. ब्रिटनमधल्या सॅमसन चाचणीत त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडून दिलेली साठ माणसं घेतली. प्रत्येकाला वर्षभरासाठी बारा बाटल्या. चार महिने स्टॅटिन, चार महिने रिकामी गोळी, चार महिने काहीच नाही, आणि महिन्यांचा क्रम उलटासुलटा. रोज त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. काहीच न घेण्याच्या महिन्यांत सरासरी ८.०, रिकाम्या गोळीवर १५.४, स्टॅटिनवर १६.३. म्हणजे जो त्रास वाढला त्यातला नव्वद टक्के रिकाम्या गोळीनेही वाढला. हे आकडे मुख्यतः अंगदुखी वगैरेंचे आहेत, रागाचे नव्हेत, हे खरं. पण गोळी तोंडात टाकण्याच्या कृतीतच किती ताकद असते ते यातून कळतं. त्या माणसांचा त्रास खोटा नव्हता हं. दुखत खरंच होतं, कारण तेवढं वेगळं होतं. आणि तुमच्याकडे तर बघणारे तुम्ही आहात. ‘या गोळीने स्वभाव बदलतो’ असं एकदा कुठे वाचलं की आईंचा प्रत्येक चढा आवाज तुम्हीही त्याच खात्यात टाकणार. मीही टाकला असता.

या गोळीने मला धडा दिला तो असा. १९९९च्या निबंधानंतर चार-पाच वर्षांनी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका होत्या, मांडीचं हाड मोडलेल्या. मी सिमव्हास्टॅटिन दिली. महिन्याभराने मुलगा एकटाच आला आणि म्हणाला, आईने काल पाण्याचा ग्लास भिंतीवर फेकला. मी गोळी बंद केली. दहा दिवसांत बाई निवळल्या. मी मनात पक्कं केलं, गोळीच. पुढे त्या स्वतः आल्या तेव्हा पिशवीतून सगळ्या स्ट्रिपा टेबलावर ओतायला लावल्या. त्यात ट्रॅमाडॉलची एक रिकामी स्ट्रिप निघाली. दुसऱ्या कुणीतरी दुखण्यासाठी दिलेली, दिवसाला तीन, दोन महिने चाललेली, आणि मध्येच संपली म्हणून एका दिवसात थांबलेली. थांबल्याची तारीख आणि ग्लास फेकल्याची तारीख यांत चारच दिवसांचं अंतर. ट्रॅमाडॉल असं तडकाफडकी थांबलं तर बेचैनी, झोप उडणं, चिडचिड होते, आणि एक-दोन आठवड्यांत आपोआप शमतेही. म्हणजे त्या शांत झाल्या त्या माझ्या हुशारीने की दिवस गेल्याने? आजही सांगता येत नाही. तेव्हापासून ‘काय काय घेता’ असं विचारून मी थांबत नाही. पिशवी उलटी करायला लावतो.

तेच तुम्हाला सांगणार आहे. आज रात्रीच घरातली सगळी औषधं एका जागी काढा. आईंच्या उशाखालची, पर्समधली, शेजारच्यांनी दिलेलीसुद्धा. दुखण्याच्या गोळीत ट्रॅमाडॉल आहे का बघा. पॅरासिटामॉलबरोबरच्या जोडगोळीत ते लपलेलं असतं आणि स्ट्रिपच्या पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. डिप्रेशनची किंवा झोपेची एखादी गोळी त्याबरोबर चालू असेल तर ते आणखी महत्त्वाचं. नसांच्या दुखण्यासाठी प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन दिलंय का? त्यानेही काहींचा मूड फिरतो. स्टेरॉइडचा छोटासा कोर्स झाला का? झोप उडवून माणूस तापट करण्यात स्टेरॉइडचा हात कुणी धरणार नाही. ब्लड प्रेशरच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर रक्तातलं सोडियम तपासून घ्या. साठीपुढच्या बायकांमध्ये ते गुपचूप उतरतं आणि माणूस भलतंच वागू लागतो.

त्याच बीपीच्या गोळीबद्दल आणखी एक. अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तर सिमव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर न्यायची नसते, आणि डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल असेल तर १०च्या वर. छातीच्या किंवा घशाच्या संसर्गासाठी मध्येच क्लॅरिथ्रोमायसिन दिलं गेलं असेल तर ते सिमव्हास्टॅटिनबरोबर चालतच नाही, कारण सिमव्हास्टॅटिनची रक्तातली पातळी कित्येक पटींनी चढते आणि स्नायू विरघळण्यापर्यंत मजल जाऊ शकते. बुरशीवरच्या इट्राकोनाझोलचंही तसंच. लघवी चहासारखी गडद झाली आणि स्नायू कमालीचे दुखू लागले तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही.

आणि आई पडल्या होत्या, हे विसरू नका. पाय मोडला म्हणून सगळ्यांचं लक्ष पायाकडे जातं. डोकं आपटलं होतं का, हे त्या गडबडीत कुणी विचारलं का? वयस्कर माणसात कवटीच्या आत थेंबाथेंबाने रक्त साचतं आणि तीन-चार आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी स्वभाव बदलल्याच्या रूपात बाहेर येतं. रक्त पातळ करणारं इंजेक्शन किंवा गोळी चालू असेल तर धोका वाढतो, आणि पायाच्या ऑपरेशननंतर ती बहुतेकदा चालू असतेच. एका गृहस्थांच्या सुनेने मला हाच, अगदी तुमच्यासारखाच प्रश्न विचारला होता. सासरे विक्षिप्त वागतात, गोळी बदला म्हणाली. मी त्यांना दोन्ही हात समोर ताणून धरायला सांगितले आणि डोळे मिटायला लावले. डावा हात हळूहळू खाली आला, त्यांना पत्ताही नव्हता. सीटी स्कॅनमध्ये रक्त निघालं. गोळीचा काही संबंध नव्हता. तुम्हीही हे घरी करून बघू शकता, फक्त आई खुर्चीत नीट बसलेल्या असू द्या. हात खाली आला नाही म्हणून डोकं ठीक आहे असं मात्र धरू नका. डोकेदुखी वाढत असेल, झापड येत असेल, बोलणं अडखळत असेल, तर हे उत्तर वाचणं सोडून आत्ता निघा. स्वतःला संपवण्याची भाषा असेल, समोर नसलेलं काही दिसत असेल, दिवस-रात्र कळेनासे झाले असतील, तरीही तसंच.

थायरॉइडची तपासणीही करा. हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण ती एक गंमतच आहे. थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉल आपोआप वाढतं, मन खचतं, चिडचिड होते, आणि स्टॅटिनने स्नायूंना त्रास होण्याची शक्यताही वाढते. तिन्ही गोष्टींची किल्ली एकाच रक्ततपासणीत सापडते, आणि ती करायची राहून जाते.

यातलं काहीच निघालं नाही तर? मग अडीच-तीन महिने अंथरुणाशी बांधली गेलेली, टॉयलेटलाही कुणाला तरी हाक मारावी लागणारी, आयुष्यभर दुसऱ्यांचं केलेली एक बाई उरते. तिला राग येणार नाही तर काय होईल? पहाटे तीनला जाग येऊन रडू येणं ही उदासीच्या आजाराची फार ओळखीची खूण आहे, आणि हाड मोडल्यानंतर तो आजार काही विरळा नाही. त्याचे उपचार होतात. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं म्हणजे आईंना वेडं ठरवणं नव्हे.

आता गोळीचं काय करायचं ते. सर्जनना एक प्रश्न सरळ विचारा: ही फक्त हाडासाठी आहे की हृदयासाठीही? कारण खूपदा असं होतं की ऑपरेशनआधीच्या तपासणीत कोलेस्टेरॉल किंवा साखर वाढलेली सापडते, फिजिशियन स्टॅटिन सुचवतात, आणि वॉर्डातल्या घाईत रुग्णाला सांगताना ‘हाडालाही बरी’ एवढंच वाक्य कानावर पडतं. पूर्वी हार्ट अ‍ॅटॅक, स्टेंट, लकवा असं काही झालेलं असेल, किंवा मधुमेह असेल, तर परस्पर बंद करू नका. तिथे ही गोळी जीव वाचवते, त्याबद्दल शंका नाही. तिथे वाट वेगळी असते: फिजिशियनना सांगून सिमव्हास्टॅटिनऐवजी कमी मात्रेत रोसुव्हास्टॅटिन किंवा प्राव्हास्टॅटिन, नाहीतर इझेटिमाइबसारखं दुसरं औषध.

फक्त हाडासाठी असेल, तर फोन करा आणि थांबवा. हळूहळू कमी करत आणायची गरज नसते. सिमव्हास्टॅटिन रक्तातून एक-दोन दिवसांत निघून जाते, पण शरीरातली उलथापालथ मूळ पदावर यायला काही आठवडे लागतात, म्हणून निकाल दुसऱ्या दिवशी मागू नका. चार आठवडे द्या. मात्र त्या चार आठवड्यांत दुसरं काही बदलू नका. दुखण्याची गोळीही त्याच दिवशी बदलली, झोपेची त्याच दिवशी सुरू केली, तर मी त्या शिक्षिकाबाईंच्या वेळी जिथे अडकलो तिथेच तुम्ही अडकाल. तपासणीत काही तातडीचं सापडलं तर अर्थातच आधी तो उपचार, गोळीचा निकाल कळला नाही तरी चालेल.

एक साधी वही करा. ‘आज आई चिडल्या’ असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. त्या चाचणीत केलं तसं घडलेलं लिहा. किती वेळा आवाज चढला, कशावरून, काही फेकलं-आपटलं का, किती वाजता जाग आली, दुखणं दहापैकी किती, दुखण्याची गोळी किती वाजता घेतली. शेवटच्या दोन गोष्टी विसरू नका. मी पाहिलेल्या अशा वह्यांमध्ये निम्मी भांडणं दुखण्याची गोळी उतरायच्या वेळेला झालेली असतात. शक्य झालं तर गोळी थांबवण्याआधीचे चार-पाच दिवसही लिहून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि वही आईंपासून लपवून ठेवू नका. त्यांना सांगा, त्यांच्या हातात द्या, रकाने त्यांनाच भरू द्या. स्वतःच्या वागण्याची चोरून नोंद होते आहे हे कळलं तर त्या ज्या संतापतील, त्याला कुठलंच औषध जबाबदार नसेल.

थांबवल्यावर निवळल्या तर पुन्हा सुरू करून खात्री करायची का? शास्त्राच्या दृष्टीने तोच खरा पुरावा. पण ज्या गोळीचा हाडाला फायदाच सिद्ध नाही ती फक्त कुतूहलापोटी पुन्हा कशाला द्यायची? केस पेपरवर ‘सिमव्हास्टॅटिनवर चिडचिड, थांबवल्यावर कमी, खात्री नाही’ एवढं लिहून घ्या. पुढे कधी हृदयासाठी स्टॅटिनची वेळ आली तर ते दोन शब्द, ‘खात्री नाही’, उपयोगी पडतील. नाहीतर ‘स्टॅटिनची अ‍ॅलर्जी’ असा शिक्का बसतो आणि खरोखर गरज असेल तेव्हाही कुणी द्यायला धजत नाही.

आता हाडाचं, कारण मूळ काळजी ती होती. अडीच महिन्यांत नडगी जुळलेली न दिसणं हे मला अजिबात दचकवत नाही. नडगी हे आळशी हाड आहे. पुढच्या बाजूला त्यावर मांस नाही, रक्तपुरवठा बेताचा, चार ते सहा महिने लागणं नेहमीचं. हाड ‘न जुळलेलं’ म्हणायला एफडीएची जुनी व्याख्या नऊ महिने मागते, आणि त्यातले शेवटचे तीन महिने एक्स-रेमध्ये काहीच प्रगती नसावी लागते. आम्ही हल्ली इतके थांबत नाही, पण अडीच महिने म्हणजे फारच लवकर. पुढच्या भेटीत विचारण्यासारखे प्रश्न वेगळे आहेत. पायावर भार किती टाकायचा? रॉडचे स्क्रू हलतायत का? जखम कधी पाझरली होती का, म्हणजे आत जंतुसंसर्ग नाही ना? व्हिटॅमिन डी किती आहे? साखर ताब्यात आहे का? पुरेसं प्रथिन पोटात जातंय का? घरात कुणी तंबाखू ओढत असेल तर आईंच्या आसपास नको. सूज-दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू असतील तर त्यांचाही विचार व्हायला हवा.

आणि बोन डेन्सिटी. ६३व्या वर्षी दोन-चार पायऱ्यांवरून पडून हाड मोडतं तेव्हा ते हाड आधीच ठिसूळ झालेलं असण्याची शक्यता धरायला हवी. डेक्सा स्कॅन करून घ्या. ऑस्टिओपोरोसिस निघाला तर त्यासाठी पुढचं फ्रॅक्चर टाळल्याचं चाचण्यांत सिद्ध झालेली औषधं आहेत, बिस्फॉस्फोनेट, डेनोसुमॅब, टेरिपॅराटाइड. कोणतं आणि कधी सुरू करायचं ते तुमचे सर्जन ठरवतील. जाताना वही आणि औषधांची पिशवी दोन्ही बरोबर न्या, आणि शक्य असेल तर आईंनाही. त्या शिक्षिकाबाईंचा मुलगा एकटा आला होता तेव्हा मला अर्धीच गोष्ट कळली होती.